दादाचा थंड कॅमेरा

अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात काळजी करण्यात माझ्या आतेभावाचा हात धरणारा माणूस सापडायचा नाही. दादा आरमोरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. गॅसवर दूध ठेवलं की ते उतू जाईल याची त्याला काळजी, आणि वेळेत उतू गेलं नाही तर सिलिंडर संपला असेल याची. मोहर्लीला सफारीला गेलो तेव्हा आम्ही वाघ शोधत होतो आणि हा जिप्सीचं मागचं चाक डुगडुगतंय का ते वाकून बघत होता. वाघ आम्हाला दिसला, याला नाही.

अशा माणसाकडे एका प्रयोगशाळेने वर्षभरासाठी कॅमेरा सोपवला. धानाच्या पानावर अतिनील प्रकाश टाकून तो बंद केला, की पान अंधारात क्षणभर उजळतं, पण इतकं मंद की आपल्या डोळ्यांना पत्ताही लागत नाही. रोगट पान वेगळं उजळत असावं, असा दादाचा कयास. हे टिपणारा कॅमेरा आतून बर्फाहून थंड ठेवावा लागतो. तापला की अंधारातही खोटे ठिपके दाखवतो. आणि आमच्याकडचा मे महिना तर सगळ्यांना ठाऊक आहे.

दादाने बिनखिडकीची आतली खोली काळी रंगवली, घरातला एकुलता एक एसी तिथे बसवला आणि कूलरवर बंदी आणली, कारण त्याची ओल कॅमेऱ्याच्या काचेवर धरेल. जाता-येता दाराला कान लावून कॅमेऱ्याचा पंखा फिरतोय ना ते ऐकायचा. लाईट गेली की जेवणावरून उठून इन्व्हर्टरकडे धावायचा. वहिनी मला म्हणाली होती, "मले ताप आला तं यायले पत्ता नसते, पण त्या कॅमेऱ्याची डिग्री झोपेतही सांगतात."

एका दुपारी मी गेलो तेव्हा प्रयोग ऐन भरात होता. खोलीत उजेड शिरला तर सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. वहिनी गच्चीवर कुरडया घालून खाली आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच बसली. अंग तापलेलं, घामाचा टिपूस नाही, बोलणं बरळल्यासारखं. मी पाणी घेऊन येतो तर काळ्या खोलीचं दार सताड उघडं, आत दिवा लागलेला. दादाने तिला तिथे निजवलं होतं आणि तो ओल्या पंचाने तिचे हातपाय पुसत होता. मग त्याने स्वतःच कूलरही आत ओढून आणला. मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

"राहू दे त्याले," तो म्हणाला. "तू डॉक्टरले आण."

डॉक्टरांनी सलाईन लावली. ऊन लागलं होतं, थंडावा वेळेत मिळाला, असं ते म्हणाले. संध्याकाळी वहिनीने ताक मागितलं, तेव्हा कुठे दादा खुर्चीत टेकला. त्या हंगामाचं काम मात्र गेलं, आणि मुदत संपल्यावर कॅमेराही.

परवा गेलो तर दोघं त्या काळ्या खोलीत धानाच्या कुंडीसमोर बसलेली. दादाने नुकताच अतिनील दिवा मालवला होता. काही दिसतं का, मी वहिनीला विचारलं.

"नाई दिसत," ती हळूच म्हणाली. "पण आहे म्हणतात."

मी दार ओढून घेतलं आणि त्यांच्याशेजारी बसलो.