पुरीसारखं पाण्यात शिरणारं चाक

आमच्या ह्यांचा उजवा खांदा आखडला तो आखडलाच. हिवाळ्यात पारोळ्याजवळच्या धरणावर बदकं उतरतात, आणि हे आपली छोटी नाव वल्हवत ती बघायला अगदी जवळ जायचे. आता वल्हं उचलवेना. ओळखीच्या एका मासेमारानं इंजिनाच्या होडीतून नेलं, तर अर्ध्या वाटेतच बदकं पसार. हे घरी येऊन गप्प बसले. बोलका माणूस गप्प बसला की घर खायला उठतं बघा.

मी म्हटलं, हात गेला तर गेला, पाय आहेत ना. जन्मभर मी पायानं मशीन चालवून झंपर शिवले. मला दुसरं काय सुचणार? आधी सायकलची चेन लावून बघितली, ती नुसती खडखड करायची. मग माझ्या जुन्या मशीनची पायाखालची फळी आणि पट्टाच नावेत बसवला, नि नावेच्या मागे एक चाक. जळगावहून जाड पाइपाचे तुकडे आणले, ते उभे चिरून चाकाची पाती केली. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हाई नाव शे का शिलाई मशीन?"

काठाशीच चालवून बघितलं. नाव चालली, पण प्रत्येक पातं पाण्यावर फटकन आपटायचं. काठावरचा बगळासुद्धा उडाला. हे हसले नाहीत, तेच मला लागलं.

दुसऱ्या दिवशी पुऱ्या तळत होते. पुरी सपाट टाकली तर तेल उडतं, म्हणून आपण ती कडेनं सोडतो, हो ना? हातातली पुरी तशीच धरून मी उभी राहिले. पाती तिरपी करायची, कोपरा आधी पाण्यात शिरेल अशी. केली, तर नाव एका बाजूला ओढायला लागली. मग अर्धी पाती डावीकडे तिरपी, अर्धी उजवीकडे. झाली सरळ.

सकाळी निघालो. मी पाय हलवतेय, हे पुढे बसलेले. शिवताना होते तेवढीही कुरकुर नाही. बदकं चोच पंखात खुपसून तरंगत होती. आम्ही जवळ गेलो तरी एकानं नुसता डोळा उघडला. मला वाटलं, हे आता दुर्बीण काढतील. पण हे वळून माझ्या पायांकडेच बघत राहिले, आणि हळूच म्हणाले, "सरक. आते मी."

एवढ्याशा नावेत जागा बदलायची म्हणजे काय सोपं आहे? नाव डुचमळली, मी ह्यांच्या मांडीवर, आणि बदकं बठ्ठी, सगळीच्या सगळी, आभाळात. ह्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. फळी दाबली, नाव निघाली. कुठे चाललो विचारलं, तर म्हणाले, ती उतरतील तिथं.