काचेपुढची दोन फूट जागा

राजेश्वरीच्या घरात मार चुकवायची एकच जागा होती, हॉलमधल्या माशांच्या टाकीपुढची दोन फूट फरशी. तिथं काचेला पाठ टेकवून उभं राहिलं की सयाजीचा उचललेला हात खाली यायचा. बायकोची कीव येऊन नव्हे. काच फुटेल म्हणून.

ही अक्कल तिला मार खाता खाताच आली. एकदा तो पट्टा घेऊन मागं लागला, ती पळताना टाकीवर आदळली आणि हा बाप्या जागच्या जागी थिजला. "बाजूला हो तिथनं," म्हणाला, चक्क विनवणीच्या सुरात. बाजूला कोण होतंय! पोरीलाही, वैष्णवीला, तिनं शिकवून ठेवलं की बाबांचा आवाज चढला की काचेपाशी जायचं. दुसऱ्यांच्या घरात या वयाच्या पोरी शुभं करोति शिकतात.

सयाजी मूळचा पाटणकडचा, रबाळ्याच्या एका कारखान्यात मशीनवर होता. कोपरखैरण्याच्या त्या गल्लीत विचारलंत तर त्याच्याइतका सालस माणूस नाही असं शपथेवर सांगतील. सगळा सालसपणा त्यानं टाकीत ओतला होता. आत जांभळ्या पोवळ्यांची झुडपं होती, गोर्गोनियन म्हणतात त्यांना. आणि त्यांच्या काड्यांना शेपटीचा वेढा घालून बसलेले नखाएवढे समुद्रघोडे. एका माणसानं परदेशातून चोरून आणलेले. "कुनाला दाखवायचे न्हाईत," सयाजी बजावायचा. "घोडा काय, पोवळं काय, बंदी हाय. वनखात्याला सापडलो तर थेट जेल." पाहुणा आला की टाकीवर चादर पडायची.

हौस त्याची आणि राबणं हिचं. या घोड्यांना जठरच नसतं, सारखं चरावं लागतं. म्हणून मिठाच्या पाण्यात कोळंबीच्या जातीतली बारीक पिल्लं उबवायची, गाळायची आणि दिवसभर थोडी थोडी घालत राहायची. पोवळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आधी पंप बंद करायचा, पाणी शांत होऊ द्यायचं, मग सिरिंजनं त्यांच्या अंगावर खाणं हलकेच सोडायचं. पंप चालू असला तर घास वाहून जातो. पाणी थांबलं की झुडूपभर इवलाली तोंडं फुलायची. राजेश्वरीला ते बघायला फार आवडायचं. मारणाऱ्याची टाकी आपल्याला आवडते याचा तिला रागही यायचा.

घोड्यांतल्या एका नराचं नाव तिनं बापूराव ठेवलं होतं. या जातीत पिल्लं बापाच्या पोटात वाढतात, बापच बाळंत होतो. "आपल्या घरात येवढा एकच बाप बरा निघाला," ती म्हणायची, आणि मायलेकी तोंडावर हात ठेवून हसायच्या.

त्या सोमवारी बापूराव बाळंत झाले. जिऱ्याच्या दाण्याएवढी पिल्लं पाण्यात तरंगू लागली. सयाजी हरखून कामावर गेला. दुपारी राजेश्वरीनं पोवळ्यांना भरवायला पंप बंद केला आणि तेवढ्यात तापानं फणफणलेली वैष्णवी भडाभडा ओकली. पोरीचं करता करता पंप राहून गेला. सयाजी परतला तेव्हा पिल्लं तळाला पडली होती.

"पंप कुनी बंद केला?"

सवयीनं राजेश्वरी काचेपाशी जाऊन उभी राहिली. आज तीच जागा वैरीण झाली. त्यानं आधी तिच्या तोंडावर ठोसा मारला, मग तिची मान मुठीत आवळली, टाकीचं झाकण भिरकावलं आणि तिचं तोंड पाण्यात दाबलं. "बघ! गुदमरून कसं वाटतं बघ!" नाकातोंडात खारट पाणी गेलं, फुटलेल्या ओठाला झोंबलं. तो तिला वर ओढायचा, एक श्वास घेऊ द्यायचा आणि पुन्हा दाबायचा. डोळ्यांसमोर पोवळ्याची काडी होती आणि काडीला घट्ट धरून बसलेले बापूराव. मग वैष्णवी अंथरुणातून धडपडत आली आणि बापाच्या मनगटाला कडकडून चावली. त्यानं तिला झटकलं. पोरीचं डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं, भुवई उकलली, रक्त डोळ्यात उतरलं.

सयाजीनं पंप चालू केला आणि मेलेली पिल्लं गाळणीनं काढत बसला. रडत होता मेला. पिल्लांसाठी.

सकाळी तो कामावर गेल्यावर राजेश्वरीनं पोरीला टाके घालून आणले आणि तशीच पोलीस चौकीत गेली. तिथल्या हवालदारानं मान वर केली न केली. "नवराबायकोचं भांडण आहे ताई. त्याचे मासे मेले, डोकं सरकलं असेल. तुम्ही घरी जा, मी त्याला फोन करून समजावतो."

समजावतो! म्हणजे ती चौकीत गेली होती हे आता सयाजीला कळणार. आज तो जिवंत सोडणार नाही, हे तिला लख्ख दिसलं. माहेरी कुणी उरलं नव्हतं. घरी येऊन ती त्या दोन फुटांत उभी राहिली आणि मागं वळून टाकीकडं पहिल्यांदाच वेगळ्या नजरेनं पाहिलं. मग वैष्णवीला म्हणाली, "वनखात्याचा नंबर काढ मोबाइलवर."

तिनं फोनवर समुद्रघोडे म्हणायचा अवकाश, पलीकडचा आवाज बदलला. "जिवंत आहेत? पत्ता सांगा. कशाला हात लावू नका."

दुपारपर्यंत गाडी दारात. वनरक्षक संघप्रिया आणि तिचे दोन सोबती डबे आणि हवेचा पंप घेऊन आत आले. "भरवताना पंप बंद करा, मग चालू करायला इसरू नका," राजेश्वरीनं सांगितलं. बापूरावांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. "भवाने, चौकीत गेलीस? आज गाडतोच तुला!" सयाजीच्या हातात लोखंडी पाना होता. खाकी कपडे दिसले आणि पाना तिथंच गळून पडला. सोबत्यांनी त्याचे हात मागं बांधले. त्याचं लक्ष फक्त डब्याकडं. "म्याडम, जपून! नाजूक हायत, लागंल त्यांना!"

संघप्रिया डब्यातल्या एकेका घोड्यावर बॅटरी धरून सांगत होती आणि सोबती लिहीत होता. "हा जिवंत, शेपूट शाबूत. हासुद्धा जिवंत, अंगावर जखम नाही." नखाएवढ्या जिवाची इतकी विचारपूस! राजेश्वरी बघत राहिली. मग तिनं वैष्णवीला जवळ ओढलं, रिकाम्या टाकीला पाठ लावली आणि ओढणी गळ्यावरून काढून टाकली.

"ताई, उजेड जरा हिकडं पन धरा."

संघप्रियानं बॅटरी वळवली. आधी पोरीच्या भुवईवर, मग आईच्या ओठावर, मानेवर उमटलेल्या बोटांच्या काळ्यानिळ्या वळांवर.

"लिही," ती सोबत्याला म्हणाली. "आणखी दोन. जिवंत. जखमी."