मामंजींचं ओलं अंथरूण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा हा विषय टाळत आले – जसं काही देवाला मी सांगितल्याशिवाय कळणारच नव्हतं! आज तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. ऐका, एवढंच.

आधी खोलीचं सांगते. (उशीर करते आहे, कळतंय मला.) अंबरनाथला बुवापाड्यात आमची एक लांबट खोली होती. ह्यांना तिथल्या एका कारखान्यात नोकरी होती. निर्वासितांच्या छावण्यांचं उल्हासनगर तेव्हा नुकतंच झालं होतं. खोलीच्या मागच्या टोकाला एकुलती एक खिडकी. तिथं फळ्या आणि गोणपाट लावून आडोसा केला, आत एक खाट टाकली – ती आमची निजायची जागा. हात पसरले तर दोन्हीकडे कोपर आपटायचं. आडोशाच्या अलीकडे मामंजी, म्हणजे माझे सासरे, ह्यांचे अण्णा, फरशीवर वाकळ टाकून निजत, आणि त्यांच्या कुशीत आमची चार वर्षांची बेबी. सासूबाई गेल्यावर मामंजींना बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातून आम्हीच आणलं होतं. बेबीसाठी ते आले, नाहीतर शेत सोडून येणारा माणूस नव्हे तो.

आणि तो उकाडा! मी जळगावकडची, उन्हाळ्याला भिणारी नव्हे. पण आमच्याकडचा उन्हाळा सरळ असतो हो. भाजतो, पण सावलीत गेलं की सोडतो. इथला? सावलीत येतो, घरात येतो, अंथरुणात शिरतो. मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात. काड्यापेट्यांचा कारखाना हाकेवर, आणि आमच्या चुलीपाशी काडी पेटेना – दोष काडीचा नव्हे, हवेचाच. घाम येतो तो वाळतच नाही. चिडचिड व्हायची नुसती.

मामंजी इथल्याच मातीतले. त्यांचं म्हणणं, ही हवा ओलीच आहे, हिला कोरडं ठेवावं लागतं. त्यांनी एका मडक्यात कळीचा चुना आणून आमच्या खाटेखाली ठेवला. तो हवेतली ओल ओढून घेतो, म्हणाले. खडे फुटून भुगा झाला की नवे घालायचे. दुपारी दार-खिडकी सताड उघडी टाकायची आणि निजायच्या जागेत पाण्याचा थेंब सांडायचा नाही. मी मनात हात जोडले. उकाड्यावर चुना! आमच्या माहेरी खिडकीला वाळ्याची ताटी लावत, तिच्यावर पाणी मारलं की बाहेरची लू आत येताना गारेगार आणि सुवासिक होऊन यायची. आल्या दिवसापासून ह्या ताटीचं कौतुक मी सगळ्यांना ऐकवत होते. शेवटी हट्टानं उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये गेले आणि एका सिंधी दुकानातून ताटी घेऊन आले. दुकानदार म्हणाला, "भाभी, हमारे सिंध में इसका मज़ा था. इधर तो हवा ही गीली है." आपलाच माल असा पाडून बोलणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघत होते. ऐकलं का मी? छे!

लावली ताटी. भिजवली. आणि त्या आडोशाचं भात शिजवायचं पातेलं झालं. उशा दमट, लुगडं अंगाला चिकटलेलं, ह्यांच्या शर्टाला कुबट वास. हे हसले. म्हणाले, "तुझ्या जळगावला पाठवून दे ती." मामंजीही मिशीतल्या मिशीत हसले. तेवढं हसणं मला झोंबलं. मी सांगून टाकलं, नाही भिजवत यापुढे, आडोसा म्हणून कोरडीच राहू दे.

आणि रोज भिजवत राहिले. सगळे निजले की तांब्याभर पाणी, मग आणखी तांब्याभर. कधी झुळूक आली की क्षणभर गार वाटायचं, आणि वाटायचं – बघा, चालतेय की नाही! कुणाला दाखवत होते मी? सगळे तर झोपलेले.

फरशीचा उतार खिडकीकडून दाराकडे होता. हे मला माहीत होतं – रोज मीच तर पुसत होते ती. आडोशाच्या अलीकडे, मामंजींच्या कमरेखाली येईल अशा जागी फरशीला थोडा खळगा होता. तेही माहीत होतं. आता कळलं ना तुम्हाला?

पहिल्यांदा वाकळ ओली निघाली तेव्हा मामंजी बेबीला म्हणाले, "काय गं, सू केलीस का?" बेबी रडली. तिचं झबलं कोरडं होतं. मग ते उठून वाकळ स्वतःच गुंडाळायला लागले, घाईघाईनं, आणि मी पुढं होऊन ती त्यांच्या हातातून घेतली. का घेतली? सुनेनं घ्यायची असते म्हणून? नाही. तिला वाळ्याचा वास येत होता. नाक जवळ नेलं असतं तर कुणालाही कळलं असतं. मामंजींचं नाक तपकिरीनं केव्हाच बाद झालेलं. आणि बाकी कुणी नाक जवळ नेलं नाही, कारण म्हाताऱ्या माणसाची लाज राखायची म्हणून सगळे तोंड फिरवून उभे होते. त्या सभ्यपणाच्या आड मी लपले.

तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं? हे आणखी हसले असते. बस, एवढंच. तेवढ्यासाठी गप्प बसले. बरं, गप्प बसले तर बसले, ताटी भिजवायची तरी थांबवावी! पण उकाडा वाढला, मी आणखी भिजवली, आणि वाकळ पुन्हा ओली निघाली, पुन्हा निघाली. सगळ्यांच्या आधी उठून मी आडोशापासून वाकळीपर्यंतचा ओघळ पोतेऱ्यानं पुसून घेत असे. वाकळीपाशी थांबायचं. ती मात्र ओलीच ठेवायची.

हे सांगताना माझाच मला संताप येतोय.

मामंजींनी संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलं. मे महिन्यात! ओठांना भेगा पडल्या. मी तांब्या पुढे केला तर हातानंच नको म्हणत. मग त्यांनी बेबीला कुशीत घ्यायचं थांबवलं. ती जाऊन बिलगायची, ते तिला उचलून आमच्या खाटेवर आणून ठेवायचे आणि माझ्याकडे न बघता मागे फिरायचे. एका सकाळी बोचकं बांधूनच बसले. हे कारखान्यात गेलेले. दारात थांबून, खाली बघत मला म्हणाले, "सूनबाय, माझ्यापायी तुला लय धुणं पडलं. मनात नको ठेवूस." माझ्या सासऱ्यांनी माझी माफी मागितली हो. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "असू दे मामंजी, वय झालं की व्हायचंच."

ते गावी निघून गेल्यावर मी ताटी चुलीत घातली. अर्थातच त्यानंतर फरशी कोरडी राहिली. हे एकदा खिन्नपणे म्हणाले, "बघ, अण्णा गेले आणि ओल थांबली. खरंच होतं म्हणायचं." मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

मामंजी पुढं सणावाराला यायचे, पण जेवून दुपारीच परत फिरायचे. आमच्या घरी पुन्हा कधी निजले नाहीत. बेबी मोठी झाली, आजोबा आपल्याला जवळ घेत नाहीत म्हणून त्यांच्याशी फटकून वागू लागली. तिलाही मी काही सांगितलं नाही.

ते वारले तेव्हा गावच्या घरी त्यांचं अंथरूण आवरायचं काम माझ्याकडेच आलं. वाकळीखाली मेणकापड अंथरलेलं होतं, कडा दाबून, नीट. इतकी वर्षं ते त्यावरच निजत होते. मी ते उजेडात धरलं. कोरडं ठणठणीत. ओलीचा एक डाग नव्हता. हे दारातून म्हणाले, "हे कशाला ठेवलं होतं अण्णांनी?"

मी म्हणाले, "कौलं गळत असतील."