शांतता आणि पिठलं-भात

आमच्या घरात सगळे धडधाकट असताना शेजाऱ्यांनी एकदा आम्हाला पिठलं-भात आणून दिला. (ज्या घरी कुणी जातं, तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारीच पिठलं-भात पोचवतात. आमच्या नौपाड्याच्या बिल्डिंगमध्ये ही सेवा अतिशय तत्पर आहे!)

निमित्त युद्धाचं. ते पेटलं होतं आखातात आणि आमची लेक ईशा तिथेच नोकरीला. ती रोज फोनवर "मी मजेत आहे" म्हणायची, पण माझी आई आणि बायको मंजू दिवसभर बातम्यांसमोर. टीव्हीवर स्फोट झाला की आईच्या हातातलं वरण सांडायचं. धास्ती मलाही होती, पण कर्त्या पुरुषाने ती दाखवायची नसते. मी सूत्रं हाती घेतली.

"आजपासून या घरात शांतता! टीव्ही बंद, मोबाइल गव्हाच्या डब्यात, संध्याकाळी ध्यान. काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत, बोलायचं नाही!"

"आणि ईशाचा फोन आला तर?" मंजूने विचारलं.

"सकाळीच बोलली ना? आता कशाला येतोय!"

सोफा भिंतीला सरकवला, सतरंजी अंथरली, समई लावली. मोकळ्या हवेसाठी दार सताड उघडं ठेवलं. मी पांढरा लेंगा-झब्बा चढवून प्रात्यक्षिक म्हणून शवासन घातलं. डास फार, म्हणून वरून पांढरी चादर घेतली. (डोक्यावरून. मी कामं अर्धवट करत नाही!) शवासन इतकं साधलं की मला झोपच लागली.

नेमका तेव्हाच ईशाने फोन केला. आधी मला, मग मंजूला, मग आजीला. गव्हातली रिंग कुणाला ऐकू येणार? घाबरून तिने समोरच्या लेलेकाकूंना गाठलं, "काकू, जरा डोकावता का? घरी कुणी फोनच उचलत नाहीये!"

काकू फोन घेऊनच दारात आल्या. सतरंजी. समई. चादरीखाली मी. शेजारी मंजू डोळे मिटून आणि आईच्या गालांवर घळाघळा पाणी. (ती नातीसाठी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होती.)

"अगं मंजू, कधी झालं गं?" काकू कुजबुजल्या. मंजूने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. शिस्त म्हणजे शिस्त!

काकू जिन्यात गेल्या. "ईशा बाळा, धीर धर हो. बाबा गेले."

बघता बघता जिना माणसांनी भरला. सेक्रेटरी हळूच विचारत होते, "गाडी कधी सांगायची?" तेवढ्यात काकू ईशाला फोनवर धीर देत देतच शिजवलेलं पिठल्याचं पातेलं घेऊन आल्या, लसणाच्या फोडणीचा वास चादरीतून आत आला आणि मी ताडकन उठून बसलो.

"मंजू, पिठलं केलंस?"

सेक्रेटरी काकूंच्या अंगावर, काकू पातेल्यावर! काकूंच्या फोनमधून ईशाचं रडणं ऐकू आलं आणि मी तो खेचून घेतला.

"ईशा! काय झालं? बॉम्ब पडला का?"

"बाबा? अरे, इथे सगळं शांत आहे! तुम्ही तिकडे काय लावलंय?" ती हुंदके देत हसायला लागली. आईने फोन हिसकावून घेतला आणि नुसती ते हसणं ऐकत बसली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. मला खरंच भरून आलं.

पिठलं-भात सगळ्यांनी मिळून हाणला; सतरंजी अंथरलेलीच होती. आता बातम्या दिवसातून एकदाच लागतात आणि फोन हाताशी असतात. फक्त माझ्या शांत बसण्यावर मंजूने बंदी घातली आहे, कारण मी घटकाभर डोळे मिटले की समोर लेलेकाकू लसूण सोलायला घेतात!