उलट वळलेलं विमान

चूक माझीच होती. महिनाभर खपून बनवलेलं थर्माकोलचं विमान पहिल्यांदाच उडवायचं होतं, आणि रिमोटची दांडी हलवून पंखांवरच्या, विमान वळवणाऱ्या पट्ट्या बरोबर दिशेला हलतात का, एवढंही मी पाहिलं नाही. विमान हातात धरून उभी असलेली माझी बायको, सुधा, म्हणाली, "अहो, एकदा बघून घ्या ना." वारा वाढत होता. मी म्हणालो, "तू फक्त फेक."

तिने फेकलं. विमान जरा डावीकडे झुकलं म्हणून मी दांडी उजवीकडे दाबली, तर ते आणखीच डावीकडे गेलं. मी आणखी दाबली. "धड फेकताही येत नाही तुला," असंही ओरडलो. तेवढ्यात विमान वळून थेट तिच्यावरच निघालं. ती डोक्यावर हात घेऊन खाली बसली. मी कशीबशी मोटर बंद केली आणि दांडी बोटांतून सुटली.

सुटली, म्हणूनच ते सावरलं. तिच्या डोक्यावरून तरंगत जाऊन गवतात उतरलं.

घरातही काही बिनसलं की मी असाच जोर लावत आलोय. तिथे ती खाली बसलेली मला दिसली तरी होती का?

सुधा विमान उचलून घेऊन आली. "याला काही झालं नाही. तुम्हीच पांढरेफटक पडलात."

"पट्ट्या मी उलट्या जोडल्या होत्या," मी म्हणालो. "तू नीटच फेकलं होतंस. उगाच ओरडलो तुझ्यावर. माफ कर मला."