काकांचं दाभण

काकांच्या हातात काहीही द्या, ते आधी दाताखाली धरायचे. तूर, सोयाबीन, एकदा तर माझ्या दुकानातली नवी कोरी पेन्सिलसुद्धा. कट्‌कन चावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "ओल हाय अजून." लातूरच्या डाळमिलमध्ये मिस्त्री म्हणून जन्म काढलेला माणूस. निवृत्ती न मानवलेला असा एखादा शेजारी तुमच्याही गल्लीत असेल.

मोडलेलं काहीही काका घरीच दुरुस्त करायचे. कुकरसुद्धा. त्याच कुकरचं झाकण एका सकाळी उडालं आणि सुनेचा डावा गाल भाजला. ती एसटीत कंडक्टर, निलंग्याच्या गाडीवर. जखम भरली, पण गालावर जाड वण उठला. डॉक्टर म्हणाले, वणावर कायम दाब हवा. त्यासाठी चेहऱ्याच्या मापाचा कडक मुखवटा लागतो, आणि आतला वण दिसावा म्हणून तो पारदर्शक हवा. हैदराबादला बनतो, आणि वण बसेल तसा पुन्हा नवा करावा लागतो.

दुकानांच्या नावाच्या पाट्या बनवायचं माझं दुकान; काका तिथं आले. "तुझ्याकडं प्लास्टिक हाय, भट्टी हाय. बाकीचं मी बघतो."

"काका, हे चेहऱ्याचं काम आहे."

"म्हणूनच तर. कुकरचा व्हॉल्व्ह मीच बसवला होता. दुसऱ्या कुणी बसवला असता तर त्याला मिलच्या दारात उभा केला असता. आता सोताला कुठं उभा करू?"

मी भिंतीला टेकलेल्या शीट मोजायला लागलो.

डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा करून दिला. तो भोकं पाडलेल्या खोक्यावर ठेवायचा, खोक्याला खालून व्हॅक्यूम क्लीनरची नळी. तापून लोंबायला लागलेली शीट साच्यावर टाकायची आणि मशीन चालू करायचं. हवा ओढली जाते, प्लास्टिक साच्याला चिकटतं. सांगायला एवढंच. पहिली शीट तळलेल्या पापडासारखी फोडांनी भरली. मी भट्टीला शिव्या घातल्या. काकांनी एक कोपरा चावला.

"ओल हाय."

"प्लास्टिकला कसली ओल?"

"पावसाळाभर तुझ्या भिंतीला टेकून हाय ते. ओल राहिली की तापल्यावर फुगणारच."

पुढची शीट दुपारभर मंद आचेवर सुकवली. काचेसारखी आरपार निघाली! मी त्यांच्या दातांना नमस्कार केला, तर हसले. "दाताला काय कळतंय? फोड बघून बोललो."

दुसरी खोड मात्र चिवट निघाली. नाकाच्या कडेला हवा अडकायची, तिथं प्लास्टिक बसायचं नाही. उपाय दोघांनाही ठाऊक होता: साच्याला तिथं बारीक भोक पाडायचं, म्हणजे हवा खाली ओढली जाईल. पोती शिवायचं दाभण काकांच्या खिशात कायम असे. पण त्यांनी शीट जास्त तापवून पाहिली, नळी बदलली, खोक्याच्या फटी मेणानं बुजवल्या. दाभण काही बाहेर निघेना. महिना गेला. तोवर ती बिचारी नाकाशी पोकळ राहिलेला मुखवटाच घालत होती. मी चिडलो, फटकळपणे बोललोही. त्याची आज लाज वाटते.

शेवटी सूनच दुकानात आली, सासऱ्यांना म्हणाली, "मामा, टोचा."

"तुझं तोंड हाय ते, बाई."

"न्हाई. माझं तोंड हे. ते प्लास्टर हाय. टोचा, मला ड्युटीवर जायचंय."

काकांनी खिशातून दाभण काढलं. भोक नेमकं पडलं. पुढचा मुखवटा असा बसला की डॉक्टरांनी फक्त कडा घासायला सांगितल्या. वण बसत गेला तसे काकांनी आणखी चार केले. प्रत्येक वेळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तिला घालू दिला नाही.

गेल्या वर्षी काका गेले. दुकानात नवी शीट आली की मी कोपरा दाताखाली धरतो. कळत काहीच नाही, तरी धरतो.

परवा निलंग्याला निघालो तर गाडीवर तीच. गाल सपाट झालाय, रंग तेवढा थोडा वेगळा. नाकाच्या कडेला मात्र तांदळाएवढा उंचवटा राहिलाय. माझी नजर तिथं गेलेली तिला कळली. त्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा मामांचा महिना. असू द्या."

मग माझ्या हातात तिकीट देऊन ती गर्दीवर ओरडली, "पुढं सरका, पुढं सरका!"