सुईचं नाव

शिरूरच्या बाजारपेठेत रणपिसे बाई दुकानात शिरल्या की नोकर एकमेकांकडे बघायचे. बाईंचा प्रश्न ठरलेला असायचा. "ह्यानं नेमकं काय होतं?" पाण्याचा फिल्टर विकायला आलेल्या माणसाला तर त्यांनी आमच्या ओट्यावर घाम फोडला होता. "गढूळ पाणी निवळ झालं, ते दिसतंय मला. रोग कुठं गेला ते दाखवा की!" त्याने गुमान पेटी उचलली. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. त्यांच्याबरोबर खरेदीला जायचं म्हणजे डोक्याला ताप. मी तेव्हा कॉलेजात होतो. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमच्याकडे त्या काळी डॉक्टरची परीक्षा सुईवर व्हायची. नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर बिनकामाचा. सुई टोचली की पैसे वसूल, आणि सलाईन लावलं तर चार घरी कौतुक. माझी आईही त्याच मताची. एका हिवाळ्यात तिला सडकून ताप भरला. वडील नोकरीला दौंडला, म्हणून बाई आणि मी तिला एसटी स्टँडजवळच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. आई कण्हत म्हणाली, "डॉक्टर, सुई मारा ना. गोळ्यांनी माझं काय भागत न्हाई." बाहेर ही गर्दी. डॉक्टर हसले आणि त्यांनी कंपाउंडरला खूण केली. सुई भरून आली तशी बाईंनी आईच्या दंडावर आपला हात ठेवला.

"थांबा. ह्या सुईचं नाव काय?"

"बाई, नाव ऐकून तुम्हाला काय कळणार आहे?"

"मला न्हाईच कळणार. पण तुम्हाला सांगावं तर लागंल."

दारातून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, आटपा की! आमची गाडी चुकंल." आईही म्हणाली, "जाऊ द्या हो बाई." कंपाउंडर सुई धरून तसाच उभा. माझे कान तापले होते. बाईंनी हात काढला नाही.

डॉक्टरांनी रागारागाने रिकामी कुपी उचलली. "पेनिसिलिन. झालं समाधान?" एवढं बोलून ते स्वतःच थबकले. कुपीकडे पाहिलं, मग आईकडे. "ताई, आधी कधी सुईनं त्रास झाला होता? अंग सुजलं, धाप लागली, असं काही?"

"व्हय की," आई सहज म्हणाली. "इनामगावला, माहेरी असताना. तोंड हे एवढं सुजलं. श्वासच घेता येईना. समदी म्हणली, लई पावरचं औषध हाय."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी कंपाउंडरच्या हातून सुई काढून घेतली, टोपलीत टाकली आणि खुर्चीत बसले. त्या दिवशी माझी आई वाचली, असं मी आजही मानतो.

बाहेर आल्यावर बाई पायरीवर मटकन बसल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय कळतंय, डोंबल? मी आपली सवयीनं विचारलं. अरे, सांगताना माणूस आपल्याच हातातल्या वस्तूकडं एकदा बघतो. तेवढंच आपल्या हातात असतं."

निवृत्तीनंतर बाई दौंडला लेकीकडे राहायला गेल्या. काही वर्षांनी त्या तिथल्या दवाखान्यात असल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलणं बंद. लेक कोपऱ्यात रडवेली उभी होती. सिस्टर सुई घेऊन आली होती आणि बाई काही केल्या दंड देईनात. मूठ आवळून हात छातीशी धरलेला. "म्हातारपणी अशा हट्टी होतात," सिस्टर म्हणाली.

बाईंनी मला ओळखलं. नजर माझ्यावरून सुईवर गेली, पुन्हा माझ्यावर आली.

"सिस्टर," मी म्हटलं, "ह्या सुईचं नाव काय?"

सिस्टरने कपाळाला आठ्या घातल्या. मग ट्रेमधली कुपी उचलून नीट वाचली, नाव सांगितलं, कशासाठी तेही सांगितलं.

तेव्हा कुठे बाईंनी मूठ सोडली आणि हात पुढे केला.